गुरुजींचा गोल

कावळे साबण पळवतात हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. आमच्या पाळणाघरातून सुरुवातीला त्यांनी इतक्या वड्या नेल्या की शेवटी गुरुजींनी वडी एका जुन्या पायमोज्यात घातली, मोज्याचं तोंड सुतळीनं आवळलं आणि तो रांजणाच्या वर खिळ्याला टांगला. लेकरं ओला मोजा दोन्ही हातांत धरून चोळायची, फेस यायचा. कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत राहायचे. गुरुजी त्यांना म्हणायचे, "न्या आता. मोजा नेऊन करसान काय बे, बूट हाये का तुमच्यापाशी?"

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. बायको वारलेली, मुलगा दूर नोकरीला. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एका संस्थेनं कापूस वेचणीच्या हंगामापुरतं पाळणाघर काढलं, तेव्हा पुरुष माणूस लेकरं सांभाळायला पुढे आला म्हणून लोक हसले होते. गुरुजींनी हसू दिलं. मी नुकतीच यवतमाळच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आले होते. आमच्या घरातच नाही, सगळ्या बौद्ध वस्तीत पोरींमधून पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. नोकरी मात्र माझ्यासाठी कुठं वाढून ठेवलेली नव्हती. म्हणून पाळणाघरात गुरुजींच्या हाताखाली बाई झाले. गुरुजी मला नावानं कधी हाक मारत नसत. "ओ बी.ए., इकडं ये." आधी मला ते टोचायचं. मग कळलं की त्यात थट्टा अर्धीच आहे. बाकीची अर्धी फुशारकी होती, माझी फुशारकी ते मारायचे.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव नव्हता, आणि भाव नव्हता म्हणूनच बायकांना एक दिवसही घरी बसणं परवडत नव्हतं. सकाळी उजाडलं की कमरेला फडकं बांधून त्या वेचणीला निघत आणि जाताजाता लेकरू आमच्या दारात सोडत. पाळणाघर वस्तीच्या समाजमंदिरात होतं. एक मोठी खोली आणि बाजूला सतरंज्या, भांडी ठेवायची लहान खोली. चालती-बोलती लेकरं खाली, तान्ही वर झोळीत.

दारात गुरुजी एका पालथ्या खोक्यावर बसलेले असत. त्यांच्यापुढून गेल्याशिवाय आत कोणी जायचं नाही. तळहात, उलटे हात, नखं, मग जीभ, मग कान. कोणाचं डोकं हुंगून ते म्हणत, "जा, पास." कोणाला म्हणत, "हे काय घेऊन आला? बोटात अर्धं वावर घेऊन आला लेका, सातबारा कोणाच्या नावानं हाये याचा?" पोरगं हसत हसत रांजणाकडे पळे.

आमच्या शेजारची रंजनावहिनी तेवढी त्यांना पुरून उरायची. तिच्या दोन पोरी. प्रिया चालती-बोलती, आणि धाकटी छकुली, अजून रांगायलाही लागली नव्हती. वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं.

"गुरुजी, माझ्या पोरीले धुऊन धुऊन उजळ करून राह्यले का? तिच्या बापाले ओळख नाही पटाची."

"बापाले आण इकडं. त्याचे बी हात पाहातो."

"त्याचे हात दारूच्या बाटलीनं धुतलेले राह्यतात. जंतू राहाते का त्याच्यात?"

बायका पदर तोंडाला लावून हसत आणि गुरुजीही हसत, पण छकुलीला झोळीत ठेवण्याआधी वहिनीला हात धुवायला लावायचे ते लावायचेच.

एकदा पंचायत समितीतून एक साहेब पाहणीला आले. सोबत लेकरांसाठी बिस्किटांचे पुडे. जीपमधून उतरून ते थेट आत निघाले तर गुरुजी खोक्यावरून उठले नाहीत. म्हणाले, "साहेब, हात." साहेबांना वाटलं स्वागताचा काही प्रकार असेल. त्यांनी हसून हात पुढे केला. गुरुजींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "धुवा लागते." मोजा दाखवला. साहेबांच्या ड्रायव्हरनं मान फिरवली. साहेबांनी हात धुतले, परत आले. गुरुजी म्हणाले, "नखं." ती मात्र गुरुजींनी स्वतः कापली, आपल्या खिशातल्या नेलकटरनं, सगळ्या लेकरांसमोर. मला वाटलं आता पाळणाघर बंद होतं. पण त्या साहेबांनी तालुक्याला जाऊन आमची तारीफ केली म्हणे.

या वेडामागे कारण होतं. पाळणाघर सुरू झालं तेव्हा हगवणीनं लेकरं कोमेजून जात. आया रडत, वेचणी बुडे. गुरुजींनी पाणी उकळायला लावलं, भांडी उकळायला लावली, स्वतःचा चष्मासुद्धा ते आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात बुडवून काढत. एकदा फ्रेम वाकडी झाली, मग वाकडीच वापरली. हगवण थांबली. डोळ्यांनी दिसेल अशी थांबली. तेव्हापासून त्यांची पक्की खात्री झाली की आजार हातातून येतो, पाण्यातून येतो, आणि ही दोन दारं बंद केली की काम झालं. हगवणीच्या बाबतीत ते खरंही होतं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गोल. दुपारी जेवायला लेकरं गोलात बसत. आमच्या वस्तीतली होती, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या पाड्यावरची होती, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, दोन-चार कुणब्यांचीही. सुरुवातीला जो तो आपल्या आपल्याजवळ बसे. कुणब्यांच्या घरून तर वेगळी ताटली यायची. गुरुजी ती ताटली संध्याकाळी जशीच्या तशी परत पाठवत आणि गोल रोज मोडून लेकरांना नव्यानं बसवत. काल जो ज्याच्या शेजारी होता तो आज नाही. "गोलाले कोपरा नसते," ते म्हणत. "कोपरा नाही म्हणजे कोपऱ्यात कोणी नाही."

याच्यामागेही कारण होतं, पण ते सलग कधी त्यांनी सांगितलं नाही. नखं कापता कापता एखादा तुकडा बाहेर पडायचा. ते लहानपणी शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले होते. आतला फळा त्यांना दारातून तिरपा दिसे. "म्हून माझं अक्षर तिरपं हाये," एवढंच. त्यांचं अक्षर खरंच तिरपं होतं, पावसात झोपलेल्या ज्वारीसारखं. दुसऱ्या एका दिवशी म्हणाले की तहान लागली की चपराशी वरून ओंजळीत पाणी ओतायचा, आणि तो जेवायला गेला तर तो येईपर्यंत तहान धरून ठेवायची. मग लगेच, "हं, दुसरा हात दे."

असा माणूस. आता जे सांगायचं आहे ते सांगते.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात, वेचणी ऐन भरात असताना, सोनू नावाच्या पोराला गोवर निघाला. आमच्याकडे त्याला माता आली म्हणतात. बाबासाहेबांचा फोटो घराघरात होता, देव आम्ही केव्हाच सोडले होते, पण माता काही घरांतून पुरती गेली नव्हती. सोनूच्या आजीनं दारावर निंबाची डहाळी खोचली. डहाळी खोचली की त्या घरी कोणी जात नाही, त्या घरचं कोणी बाहेर पडत नाही, घरात फोडणी नाही, दवाखाना नाही. सोनूची आई घरी बसली आणि तिची वेचणी बुडू लागली.

गुरुजींना कळलं. मी सोबत होते. त्यांनी दारावरची डहाळी ओढली आणि गुडघ्यावर मोडली.

"म्हातारे, बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या ना तू? माझ्या बापासंग होती तू. अन् हे काय लावलं?"

आजी म्हणाली, "गुरुजी, लेकराच्या अंगावर माता हाये. असं बोलू नोका."

"अंगावर गोवर हाये. आजार हाये तो. त्याले औषध हाये."

तिथवर ते बरोबर होते. सोनूला स्वतःच्या सायकलवर बसवून त्यांनी आरोग्य केंद्रात नेलं, औषध आणलं, खाऊ-पिऊ घालायला लावलं. पोरगं जरा तरतरीत झालं. तेव्हा त्याच्या आईला ते म्हणाले, "तू जा वेचाले. उद्यापासून त्याले माझ्यापाशी सोड. भेवाचं काही काम नाही."

दुसऱ्या दिवशी सोनू गोलात बसला. अंगावर पुरळ तसंच, डोळे लाल, खोकत होता. त्याच दुपारी गावात लशीच्या कामाला आलेली सिस्टर पाळणाघरात डोकावली. तिनं सोनूला पाहिलं आणि दारातच थांबली.

"गुरुजी, याले घरी ठेवा."

"घरी ठेवला त त्याची माय काय करन?"

"मंग वेगळा तरी बसवा. बाजूच्या खोलीत बसवा."

गुरुजींचा चेहरा बदलला. इतकी वर्षं झाली, तो चेहरा मला अजून दिसतो. ते हळू आवाजात म्हणाले, "वेगळा बसवा म्हणजे काय, सिस्टर? पायरीवर बसवू? अन् पाणी वरून ओतू?"

"असं कोण म्हणते, गुरुजी? हे हवेतून लागते. खोकला की लागते. झोळीतल्या लेकराइले अजून लस बी नाही."

"मी हात धुतो, त्याचे धुतो, सगळ्याइचे धुतो. ताटं उकळतो."

"गोवराले तुमची साबण दिसत नाही, गुरुजी."

मी मध्ये पडले. म्हणाले, "गुरुजी, सिस्टर बरोबर सांगून राह्यल्या."

ते माझ्याकडे वळले. "तुले बी.ए.मध्ये हे शिकवलं का? माणूस वेगळा कसा बसवाचा हे? याच्यासाठी शिकवलं तुले आम्ही?" मग सोनूला उचलून त्यांनी मांडीवर घेतलं आणि गोलात जाऊन बसले. "माझ्या घरात कोणीच वेगळं बसणार नाही. ज्याले भेव वाटते त्यानं बाहेर जावं."

सिस्टर निघून गेली. तिला अजून बरीच गावं करायची होती. मी बाहेर गेले नाही, आणि मला जे बोलायचं होतं ते मी बोलले होते. छकुलीची झोळी त्यांच्या डोक्यावर हलत होती.

आठ-दहा दिवस काहीच झालं नाही. सोनू बरा होऊन पळू लागला. गुरुजी मला म्हणाले, "पाह्य बी.ए., कुठी गेली तुमची हवा?"

मग ताप सुरू झाले. आधी पोडावरची एक पोरगी, मग तांड्यावरची दोन, मग प्रिया. खोकला, लाल डोळे, नाकाला धार, आणि कानामागून चेहऱ्यावर उतरणारं पुरळ. दारावर डहाळ्या लागू लागल्या. या वेळी गुरुजींनी त्या मोडल्या नाहीत. ते घरोघर फिरत होते, दारात उभे राहून म्हणत होते की दवाखान्यात चला, मी गाडी करतो. काही आले, काही आले नाहीत. गोल रोज लहान होत गेला आणि एक दिवस जेवायला कोणीच नव्हतं. शिजवलेली खिचडी मी आणि गुरुजी समोर ठेवून बसलो. त्यांनी खाल्ली नाही.

छकुलीचा गोवर छातीत उतरला. रंजनावहिनीला वावरातून बोलावून आणलं तेव्हा पोरीचं पोट श्वासासरशी आत ओढलं जात होतं, नाकपुड्या फुलत होत्या. गुरुजींनी जीप ठरवली. यवतमाळपर्यंत मी मागे बसले होते, वहिनी छकुलीला उरावर धरून, गुरुजी पुढे ड्रायव्हरशेजारी. सबंध रस्ता ते मागं वळून पाहत नव्हते. फक्त विचारत होते, "चालू हाये का?" मी म्हणत होते, "हाव." त्यांना श्वास म्हणायचं होतं.

दवाखान्यात तिला नळी लावली, सुया टोचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वहिनी वावरातून निघाली होती तशीच होती, कमरेला वेचणीचं फडकं बांधलेलं. त्याच फडक्यात तिनं पोर गुंडाळली. फडक्याला चिकटलेला कापूस छकुलीच्या केसांत लागला. मी तो काढायला गेले तर वहिनीनं माझा हात बाजूला केला.

त्या हंगामात गावात आणखी कोणी दगावलं नाही. दोन लेकरांचे कान वाहायला लागले, एकाच्या डोळ्यात फूल पडलं. दगावली एकच. पण एक म्हणजे थोडं, असं त्या घरी जाऊन कोणी म्हणावं.

गावानं निकाल आधीच लावला होता. गुरुजींनी डहाळी मोडली, माता कोपली. समाजमंदिरात बैठक बसली तेव्हा हे कोणी रागानंही बोललं नाही. उलट रस्ता काढायच्या सुरात बोलले. पाळणाघराची गरज सगळ्यांनाच होती. लेकरं आता वावराच्या धुऱ्यावर, बांधावर झोपत होती, फवारलेल्या पऱ्हाटीच्या सावलीत. वस्तीतले एक वडीलधारे म्हणाले, "गुरुजी, तुमी मानत नाही, हे आमाले मालूम हाये. नोका मानू. एक नारळ नेऊन ठेवा मातेच्या ओट्यावर, हात जोडल्यासारखं करा. बायाइचं मन राह्यते. उद्यापासून लेकरं पाठवतो."

मला वाटलं गुरुजी चिडतील. माणूस चिडला असता तर सोपं झालं असतं. ते उठून उभे राहिले.

"डहाळी मोडली थे बरोबर केलं. आजही मोडीन. मातेचा याच्यात काही संबंध नाही. हा आजार एका लेकरापासून दुसऱ्याले लागते, श्वासातून. सोनूचा दोष नाही, त्याच्या मायचा नाही. सिस्टरनं मले सांगतलं होतं याले वेगळा बसवा. या पोरीनं सांगतलं होतं. मी नाही बसवला. सगळ्याइच्या मधात घेऊन बसलो. मले वाटलं वेगळं बसवणं म्हणजे एकच गोष्ट राह्यते. मातेच्या नावावर नोका टाकू. थे माझ्या नावावर हाये."

मग बायकांच्या बाजूनं रंजनावहिनीचा आवाज आला. इतक्या दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"म्हणजे तुमीच मारली."

गुरुजी म्हणाले, "हाव."

ती उठली आणि निघून गेली. तिच्या मागं बैठक मोडली. जाताना लोक गुरुजींकडे अशा नजरेनं पाहत होते जशी आधी नव्हती. माता कोपली असती तर ती शांत करता आली असती. गुरुजींनी त्यांना नारळानं न मिटणारी गोष्ट हातात दिली होती.

लोक मला विचारतात, मग शेवटी सोनूची आजीच खरी ठरली का? नाही. ती मातेला भीत होती, पोराला दवाखान्यात न्यायला तयार नव्हती, आणि त्या भीतीनं मेलेली लेकरं मी पुढं नोकरीत पाहिली आहेत. तिच्या डहाळीनं आजार दारात अडत होता, पण दवाखानाही दारातच अडत होता. यात शहाणं कोणीच नव्हतं. सिस्टर होती, पण तिच्याकडे वेळ नव्हता.

पुढच्या हंगामात संस्थेनं पाळणाघर पुन्हा उघडलं. मला वाटलं कोणी येणार नाही. पहिल्या आठवड्यात कोणी आलं नाही. मग बोंडं फुटली आणि बायका आल्या, एक एक करून, मान खाली घालून, जणू चूक त्यांचीच होती. गुरुजी खोक्यावर बसत, हात पाहत, पण थट्टा बंद झाली होती. डोकं हुंगणं बंद झालं होतं. आता ते कपाळाला हात लावत, खोकायला लावत, लशीचं विचारत. बाजूच्या खोलीतली भांडी त्यांनी मोठ्या खोलीत आणली आणि तिथे एक सतरंजी अंथरून ठेवली. कशाला ते मी विचारलं नाही.

रंजनावहिनी प्रियाला पाठवत नव्हती. सोबत वावरात नेत होती. एका सकाळी, सगळ्या बायका निघून गेल्यावर, ती प्रियाला कडेवर घेऊन दारात आली. पोर अंगानं मोठी होती, पाय लोंबत होते. चेहऱ्यावर, मानेवर पाण्याचे फोड. कांजण्या.

वहिनी माझ्याकडे बघून बोलली. "वावरात ऊन लागते तिले. आग होते म्हणते."

मी म्हणाले, "वहिनी, दोन-चार दिवस घरी..."

गुरुजी म्हणाले, "घरी कोण हाये?"

कोणी नव्हतं. नवरा वणीकडं कुठं कामाला गेलेला होता, आणि घरी असता तरी उपयोग नव्हता. गुरुजी खोक्यावरून उठले. प्रियाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले नाहीत. नुसतं बाजूच्या खोलीचं दार उघडलं. वहिनीनंच तिला आत नेऊन सतरंजीवर ठेवलं आणि मागं न बघता गेली.

तेव्हा गुरुजी आत गेले आणि प्रियाच्या शेजारी बसले. बाहेरच्या दारात खोका तसाच राहिला. त्यांनी मला सांगितलं, "दारावर आता तू बस. इकडं कोणाले येऊ देऊ नको. तू बी येऊ नको." त्यांना लहानपणी कांजण्या होऊन गेल्या होत्या. मला नव्हत्या.

दुपारी मोठ्या खोलीत लेकरं गोलात बसली. मी वाढत होते. बाजूच्या खोलीतून प्रियाचा आवाज आला. "गुरुजी, मी काय केलं?"

"काही नाही केलं, माय."

"मंग मले काहून इथं ठेवलं?"

"तुले आजार हाये. दुसऱ्याले लागू नाही म्हून. आजार गेला का तुले तिकडं बसवतो."

"अन् तुमाले काहून ठेवलं?"

मी ताट उंबऱ्यावर ठेवलं तेव्हा पाहिलं, गुरुजी भिंतीला टेकून बसले होते आणि प्रियाचे पाय त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी ताट ओढून घेतलं, तिला घास दिला आणि त्याच ताटातून आपण घेतला. एका ताटात खाल्लं म्हणून कोणीतरी ओरडेल असं वाटून मी दाराकडे पाहिलं, पण ओरडणारं तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी वहिनी आली. दाराशी उभी राहिली. तिनं प्रियाला पाहिलं, गुरुजींना पाहिलं, पोर एकटी नव्हती एवढं पाहिलं. पोरीला उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत प्रियाला घेऊन आली, आणि मला न विचारता सरळ बाजूच्या खोलीत गेली. तिनं गुरुजींना माफ केलं असं लोक नंतर म्हणाले. मी तिला कधी विचारलं नाही. मला एवढंच माहीत आहे की वेचणी चालू होती.